हामायाच्या शटरसमोरची रांग

सुमीताईने जेवण टाकलं ते ऐन थंडीत. टाकलं म्हणजे रुसून नव्हे. "तोंडाला चव नाही गं," असं म्हणून ती पेजेची वाटी इतक्या अदबीने बाजूला सारायची, की जणू ती दुसऱ्याच कुणाची वाटी आहे आणि चुकून तिच्यापुढे आली आहे. वृद्धाश्रमातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "वय झालं की माणसं असं हळूहळू आवरतं घेतात." मी स्वतः त्याच वयाच्या उंबरठ्यावर उभी असल्यामुळे मला ते वाक्य फारसं आवडलं नाही.

"तुला काय खावंसं वाटतं ते तरी सांग," मी ताईला म्हटलं.

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हामायाचा कोंबू."

हामाया हे त्सुबामे पेठेतलं दुकान. समुद्रातल्या कोंबूची जाड पानं बारीक चिरायची आणि सोयासॉस-साखरेत दिवसभर आटवून काळीकुट्ट करायची, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. भातावर चिमूटभर घेतलं की वाडगा कधी रिकामा झाला ते कळत नसे. आमच्या आईने आम्हा बहिणींना वाढवलं ते बरंचसं त्या चिमटीवर.

मी मात्र आधी शॉर्टकट घेतला. म्हटलं, कोंबू तो कोंबू, आणि स्टेशनसमोरच्या मोठ्या दुकानाच्या तळघरात गेले. तिथे काउंटरवरची मुलगी माझ्यासमोर उभी, हात रिकामे, पण पैसे घेईना. पैसे म्हणे शेजारच्या यंत्राला द्यायचे. यंत्राने विचारलं, सभासद आहात का. मी नाही म्हटलं. "आजी, त्याला ऐकू येत नाही, बोटाने सांगा," मुलगी म्हणाली. मी बोटाने सांगितलं. मग पिशवी हवी का, पावती हवी का, पॉइंट जमा करायचे का, रोख देणार की कार्ड. माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. शेवटी नोट आत ओढून घेताना यंत्राने असा काही सुस्कारा सोडला, की मीच ओशाळले.

ताईने एक पान जिभेवर ठेवलं आणि कागदावर काढून ठेवलं.

"हा हामायाचा नाही."

"नाही."

"मग मला दाखवलास कशाला?"

खालच्या मजल्यावरच्या ओगुरीबाईंना मी हे सांगितलं, ही माझी पहिली चूक. ओगुरीबाईंना काही सांगितलं की ते काम आपलं राहत नाही.

"हामाया बंद पडून जमाना झाला, नोबुकोताई. पेठेच्या मंडळाने सगळ्या दुकानांना फोनवरून पैसे घ्यायचं यंत्र सक्तीचं केलं ना, तेव्हा. म्हातारी हात्सुए म्हणाली, तबकात पैसा वाजला नाही तर विकलं गेलं हे मला कळायचं कसं? आणि धाडकन शटर ओढलं."

"पण राहते तिथेच ना? दुकानाच्या वर?"

"गेलीसुद्धा असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही ऐकलंत का?"

"मी ऐकलं नाही. पण मी ऐकलं नाही म्हणजे ती गेली नाही, असं थोडंच आहे? जाऊन तर बघा. फोनमधला नकाशा लावा म्हणजे चुकणार नाही."

ज्या पेठेत मी जन्मभर डोळे मिटून गेले तिथे जायला नकाशा कशाला, असं म्हणायची सोय राहिली नव्हती. कुरे स्टेशनचा कायापालट करताना बाहेर पडायची तोंडंच बदलून टाकली आहेत. पूर्वी फलाटावरून उतरलं की तळलेल्या माशांच्या वासामागे चालू लागायचं, की आलीच पेठ. आता वास कुठलाच नाही आणि बाण सतरा दिशांना. फोनमधली बाई मोठ्या मायेने सांगत होती, "उजवीकडे वळा." उजवीकडे भिंत होती. मी भिंतीची क्षमा मागून पुढे गेले. तिने मला एका पुलावर चढवलं, एका लिफ्टमध्ये घातलं, आणि मग म्हणाली, "आपण पोहोचला आहात." मी सायकली ठेवायच्या इमारतीच्या गच्चीवर उभी होते. शेकडो सायकली आणि वारा. माणूस एकच, राखणदार.

"त्सुबामे पेठ?" तो म्हणाला. "ती आपल्या पायांखाली आहे, आजी."

मी खाली पाहिलं. खरंच, पिवळं पडलेलं लांबलचक छप्पर एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीसारखं पसरलं होतं. त्यावर कावळे बसले होते. जिन्याने उतरून मी त्या जनावराच्या पोटात शिरले.

आत दुपारीसुद्धा दिवे लागलेले. दोन्ही बाजूंना शटर, शटर आणि शटर. मधूनच एखादं दुकान उघडं, एक मासेवाला, एक चपलांचं, आणि त्यांच्यातली माणसं इतकी निश्चल, की आधी मला ती पुतळ्यांसारखी मांडून ठेवल्यासारखी वाटली. छताला लावलेल्या भोंग्यातून आनंदी चालीचं गाणं वाजत होतं आणि एक बाई सांगत होती की वर्षअखेरची सोडत जिंकायला विसरू नका. नवं वर्ष लागून कितीतरी दिवस झाले होते. पूर्वी या पेठेत मुलांचा हात सोडायची सोय नसे, इतकी गर्दी. आता माझ्या पावलांचा आवाज माझ्या पुढे जाऊन, कोपऱ्यावर वळून, माझी वाट बघत थांबत होता.

हामायाचं शटर बंद होतं. त्यावर चिकटवलेला कागद दमटपणाने आणि काळाने इतका विटला होता, की काळी चौकट आणि शेवटचा "आभार" एवढंच वाचता येत होतं. शटरच्या मध्यावर टपाल टाकायची फट होती. मी हात वर केला, मग खाली घेतला. बंद दुकानाचं दार वाजवणं म्हणजे झोपलेल्या माणसाची चादर ओढणं. असं काही करण्याआधी माणसाने थोडं थांबावं, श्वास घ्यावा, ही आमच्या आईची शिकवण. म्हणून मी थांबले.

थोड्या वेळाने माझ्या मागे कुणीतरी थांबलं.

मी वळून पाहिलं. काळ्या कोटातले एक गृहस्थ, मनगटाला जपमाळ. कुठल्याशा देवळातून आले असावेत. त्यांनी किंचित मान झुकवली. मीही झुकवली. मान झुकवल्यावर लगेच निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी आणखी थोडी थांबले. तेवढ्यात त्यांच्या मागे एक बाई उभी राहिली. मग दोघी मैत्रिणी. मग एक कार्यालयातला माणूस, घड्याळात बघत.

आता सरळ सांगायला हवं होतं, की मी श्वास घ्यायला थांबले आहे. पण रांगेच्या तोंडाशी उभं राहून, मागच्यांना सांगायचं, की तुम्ही उगाच उभे आहात? इतक्या लोकांचा एकदम पाणउतारा करणं मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, कोण जाणे, यांना काही माहीत असेल. हामाया आज उघडणार असेल. मागच्यांना वाटत होतं, पुढच्या आजींना माहीत असेल.

भोंगा वाजत होता आणि त्याखाली ती रांग, थंडीमुळे सगळ्यांचे कोट काळे, बिनआवाजाची वाढत होती. मी मागे बघायचं सोडून दिलं. पण पाठीला कळतं. पाठीवर माणसांचं वजन येतं.

मग मंडळाचे अध्यक्ष कुनिमोतो धावत आले. निळा अंगरखा, हातात "रांगेचा शेवट येथे" असा फलक. असा फलक मंडळाकडे आहे हे मला माहीत नव्हतं. तो पुसून आणलेला दिसत होता.

"किती वर्षांनी," ते म्हणाले. "आमच्या पेठेत रांग." मग माझ्या कानाशी, "बाई, इथे काय विकत मिळणार आहे, हे मला माहीत आहेच, पण तुम्ही एकदा सांगा."

"मला कोंबू हवा होता."

"अर्थातच," कुनिमोतो म्हणाले आणि शटरकडे वळले. त्यांची नजर काळ्या चौकटीच्या कागदावर गेली. तिथून मागच्या गृहस्थांच्या जपमाळेवर. तिथून माझ्यावर. मी त्या वेळी डोळे पुसत होते, कारण थंडीत माझ्या डोळ्यांना पाणी येतं.

त्यांनी हळूच निळा अंगरखा काढला आणि घडी घालून काखेत धरला. फलक उलटा करून भिंतीला टेकवला.

"कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे," मी म्हटलं. "मी तर श्वास घ्यायला थांबले होते."

"दुःखात श्वास लागतोच, बाई."

यानंतर जे झालं त्याला मी एकटी जबाबदार नाही. मागची बाई आपल्या मागचीला म्हणाली, "गेल्या वाटतं." मागची म्हणाली, "मला रांग पाहूनच शंका आली होती." कार्यालयातला माणूस, ज्याने हामायाचं नाव त्या दिवसाआधी ऐकलंही नसावं, म्हणाला, "चांगली माणसं राहत नाहीत." मग एकेक जण शेजाऱ्याला जागा राखायला सांगून कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन येऊ लागला. परतताना प्रत्येकाच्या हातात दुखवट्याचं पाकीट, काळ्या-पांढऱ्या दोरीचं, आणि त्यावर नाव-पत्ता घाईघाईने लिहिलेला. कुनिमोतोंनी चपलांच्या दुकानातून टेबल आणलं, त्यावर पांढरं कापड घातलं आणि मासेवाल्याचं पैसे ठेवायचं तबक धुऊन मध्ये ठेवलं. माशाचा वास काही गेला नव्हता.

आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. पहिली उभी म्हणजे घरची. आधी मी द्यायला हवं.

कोंबूसाठी आणलेली नोट मी काढली. ती कोरी करकरीत होती.

"नवी चालायची नाही," कुनिमोतो हलकेच म्हणाले. "नोट तयार ठेवून वाट बघत होतो, असं दिसतं ते."

मी मुठीत धरून नोट चुरगाळली. स्वतःचे पैसे चुरगाळताना मनाला कसं होतं ते मी सांगत नाही. मागच्या बाईने पुढे केलेल्या जादा पाकिटात ती घातली, वर नाव-पत्ता लिहिला, पाकीट तबकात ठेवलं, मग मीच ते उचलून शटरच्या फटीतून आत सरकवलं, कारण शटर कुणी उघडत नव्हतं आणि दुसरी जागा नव्हती. पाकीट आत पडल्याचा आवाज आला नाही.

आवाज यायला हवा होता. आत जमीन आहे. मी कान लावला. कुणीतरी ते झेललं होतं.

मी चटकन मागे सरले. तरी मागचे गृहस्थ वाकून मला म्हणत होते, "फार मोठी हानी," आणि मी वाकून म्हणत होते, "आपण आलात, उपकार झाले." त्यांचं पाकीट मी फटीत धरलं. ते माझ्या बोटांतून हळूच, अगदी सभ्यपणे, ओढून घेतलं गेलं. पुढचंही. एकामागून एक मी पाकिटं त्या अंधाराला भरवत होते.

कुनिमोतो शटरला कपाळ टेकवून म्हणाले, "त्या यंत्रासाठी मी तुम्हाला छळलं. माफ करा." आणि नाक शिंकरायला बाजूला गेले. तेवढ्यात फटीची झडप वर झाली. आत दोन डोळे.

"नोबुको, तू का?" आतून कुजबुज आली. "कोण गेलं?"

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "तुम्ही, हात्सुएबाई."

झडप आणखी थोडी वर झाली. "कधी?"

"नक्की माहीत नाही. मी आत्ताच आले."

"हं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच दोन दिवस गुडघा दुखत नव्हता. लोक बरेच आहेत?"

"वळणापर्यंत."

"कुनिमोतो रडतोय की नाटक करतोय?"

"रडताहेत. रुमाल भिजलाय."

"मग राहू दे," हात्सुएबाई म्हणाल्या. "थांबवू नको. चालू दे."

"अहो, पण हे अशुभ आहे. मी आता मोठ्याने सांगते सगळ्यांना."

"आणि एवढ्या माणसांना घरी तोंड दाखवू देणार नाहीस? त्या माणसाने पाकिटावर नाव किती सुबक लिहिलंय बघ. जिवंत होते तेव्हा कुणी दार वाजवलं नाही. तूसुद्धा हात वर करून खाली घेतलास. मी बघत होते."

मागून पाकीट आलं. मी ते दिलं, त्यांनी ते घेतलं.

"माझी सुमीताई जेवत नाही," मी फटीशी तोंड नेऊन म्हटलं. "तिला तुमचाच कोंबू हवाय. दुसरं काही तिच्या घशाखाली उतरत नाही. थोडा उरला असेल तर."

"मेलेल्या माणसाकडे काय मागतेस?"

माझ्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं, आणि या वेळी ते थंडीने नव्हतं. मागच्या लोकांनी आदराने खाली पाहिलं.

"रडू नको, बाहेर वाईट दिसतं," आतून आवाज आला. "दुखवट्याचे पैसे घेतले म्हणजे निम्म्याची परतभेट द्यायलाच हवी. रीत आहे. पाकिटावर पत्ता नीट घातलास ना?"

त्यांनी झडप सोडली. रांग संपेपर्यंत आतून पुन्हा शब्द आला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात, ओगुरीबाई सांगतात, पेठेत एक वास सुटला. सोयासॉस आटल्याचा, गोड, जुना. बंद शटरच्या खालून वाफ यायची आणि रस्त्यावर पसरायची. लोक त्या वाफेला वळसा घालून जात. कुणी विचारलं नाही. मग घरोघरी, दुखवट्याच्या परतभेटीला वापरतात तशा फिकट राखाडी कागदात बांधलेले कोंबूचे डबे पोचले.

आता यातून मागे फिरायचं कसं? हात्सुएबाई जिवंत आहेत असं म्हणायचं तर इतक्या प्रतिष्ठित माणसांनी रस्त्यावर उभं राहून कशाचा शोक केला, हा प्रश्न आला. कुनिमोतो बिचारे वॉर्डाच्या कचेरीत गेले. कारकुनाने सांगितलं, डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय आमच्याकडे कुणी मरत नाही. "आमच्या पेठेत मेल्यात," कुनिमोतो म्हणाले. "मग तुमच्या पेठेपुरत्या मेल्या असतील," कारकून म्हणाला, आणि दोघांनाही ते पटलं.

हात्सुएबाई आता रोज दुपारी बाहेर पडतात. काठी टेकत पेठेच्या मधून चालतात. चपलांचा दुकानदार त्यांना पाहिलं की आत वळून खोकी लावू लागतो. मासेवाल्याकडे त्या तबकात नाणी ठेवतात, छान खणखण वाजवून. तो कुणाकडेही न बघता मासा कागदात बांधतो, सुटे पैसे तबकात ठेवतो आणि हात जोडतो. मंडळाची वर्गणी मागायला कुणी जात नाही. भोंग्यातली बाई मात्र त्यांनाही सोडत जिंकायला सांगते. मी एकदा समोरून आले आणि न राहवून मान झुकवली, तर हात्सुएबाई माझ्या अंगावरच ओरडल्या, "लाज नाही वाटत? मेलेल्याला दिवसाढवळ्या नमस्कार करतेस. लोक काय म्हणतील?"

माझा डबा मी सुमीताईकडे नेला. तिने झाकण उघडून आधी वास घेतला. पेजेवर चिमूटभर घातला. पहिला घास तोंडात ठेवून ती इतकी स्थिर बसली, की मी घाबरून तिचा हात धरला.

"सोड," ती म्हणाली. "चमचा पडेल."

तिने वाटी संपवली. दुसरी मागितली. सेविका धावत डॉक्टरांना सांगायला गेली. ताईने बोटाने डब्याच्या कडेचा काळा रस पुसून घेतला आणि मग तिची नजर राखाडी कागदावर गेली.

"कोण गेलं?"

मी तिला सगळं सांगितलं. सायकलींची गच्ची, जपमाळ, फट, सगळं. सुमीताई लहानपणी हसायची तशी हसली, आवाज न करता, खांदे हलवत. मग उशीवर टेकली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"म्हणजे तू नुसती दाराशी उभी राहिलीस."

"हो."

"आणि बाकीचे आपोआप आले."

"हो गं. आता झोप."

"नोबु," ती म्हणाली, अगदी सहज, जशी लहानपणी माझ्याकडे साखरेची गोळी मागायची, "माझ्याही दाराशी एकदा उभी राहशील? कोण कोण येतं ते मला बघायचंय. नंतर काय, नंतर दिसत नाही."

"भलतंच बोलू नको."

"भलतं काय त्यात? तुला थांबायची सवय आहे." आणि तिसऱ्या वाटीसाठी हात पुढे केला.

ताई आता जेवते. थोडी जाडही झाली आहे. हात्सुएबाई दर महिन्याला एक डबा पाठवतात, वर लिहितात, "परतभेट, उरलेली." मी आठवड्यातून एकदा वृद्धाश्रमात जाते. तिथला नियम असा, की खोलीबाहेर थांबावं, दार वाजवावं, आतून हाक आली की मगच जावं. मुख्य सेविकेने मला दोनदा सर्वांदेखत सुनावलं आहे. माझ्या वयाच्या, चांगल्या घरातल्या बाईला शिष्टाचार शिकवावे लागतात, याचं तिला नवल वाटतं. खोल्यांबाहेरच्या व्हरांड्यात दिवसभर चाकांच्या खुर्च्यांतून माणसं नेली-आणली जातात, काळ्या कोटातले नातेवाईक हिंडत असतात, कुणालाच घाई नसते. मी बोलणी ऐकून घेते, मान झुकवते, आणि पुढच्या वेळी पुन्हा जिन्यावरून थेट, दम लागलेला असला तरी, दारात एक पाऊलही न थांबता आत शिरते.